सिगारेट निदान संपायची

पत्र:

ताई, माझं वय 29. पणजीतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, घर फोंडा तालुक्यात. पहिल्या नोकरीत नाईट शिफ्टला सिगारेट लागली. किचनच्या मागच्या बाजूला सगळेच ओढायचे, मीही ओढायला लागले. दिवसाला सात-आठ व्हायच्या. लग्नाला तीन वर्षं झाली. नवऱ्याला आणि सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. कपड्यांना वास येतो म्हणून गेल्या वर्षी एका मैत्रिणीने व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणून दिला. आंब्याच्या वासाचा, संपला की फेकून द्यायचा. सिगारेट खरंच सुटली, तेव्हापासून एकही नाही. पण आता हा सुटत नाही. बाथरूममध्ये, स्कूटर लावताना, रात्री उठून. चतुर्थीला घर माणसांनी भरलेलं, सगळे गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली आरतीला उभे आणि मी टाकीतलं पाणी बघून येते म्हणून माडीवर. आधी एक व्हेप तीन आठवडे जायचा, आता आठवड्यात संपतो. छातीत धडधडतं, झोप लागत नाही. आम्ही मुलाचा विचार करतोय. सिगारेट निदान संपायची. विझवली की विषय संपला. मग परत मोजून दोन-तीन सिगारेटींवर जाणं बरं नाही का? मैत्रीण म्हणते, व्हेप 95 टक्के सुरक्षित आहे. ते खरं का? आणि नवऱ्याला सांगू का? आमच्या आजेसासूबाई दिवसातून तीनदा मशेरी लावायच्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण सून सिगारेट ओढते म्हटलं तर काय होईल, तुम्हाला माहीत आहे.
नाव छापू नका.

उत्तर:

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर बाकीचं वाचून होईपर्यंत तू पाकीट आणलेलं असशील. सिगारेटवर परत जाऊ नकोस. दोन नकोत, एकही नको.

आठाच्या दोन केल्या म्हणजे नुकसान पाव झालं, हा हिशेब कुणालाही पटेल असा आहे. हृदयाला तो लागू पडत नाही. 2018 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा निघाला. बायकांत तो साधारण एक तृतीयांश निघाला. म्हणजे विसावा हिस्सा ओढून तिसरा हिस्सा धोका. शिवाय ज्याच्या अंगाला आठांची सवय आहे तो दोनच ओढायच्या ठरवतो तेव्हा त्या दोन बोटाला चटका बसेपर्यंत ओढतो, धूर जास्त वेळ आत धरून ठेवतो. तुझी भूक तर आता आठांच्याही पुढे गेली आहे. ते पुढे सांगते.

धुरातून तू बाहेर आलीस ही मोठी गोष्ट झाली आणि ती घालवायची नाही. तंबाखू जळते तेव्हा धुरात सात हजारांहून जास्त रसायनं तयार होतात. त्यातली सत्तरएक कॅन्सरला कारण होतात. डांबर फुफ्फुसात बसतं, कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. माणूस बांधला जातो तो निकोटिनमुळे, पण सिगारेटने मरतो तो बहुतेक या धुराने. व्हेपमध्ये काही जळत नाही. प्रोपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीनचा गोडसर द्रव तापतो आणि त्याची वाफ होते. ती निरुपद्रवी नाही, पण धुराच्या पंक्तीला बसवण्याइतकी वाईटही नाही. "व्हेप आणि सिगारेट सारखेच" असं सांगणारे लोक ज्याला सुटायचंय त्यालाच उलट्या पावली सिगारेटकडे पाठवतात. तुझ्या मनात परत जायचा जो विचार आला, तो अशाच कुठल्यातरी व्हिडिओवरून आला असेल, अशी मला शंका आहे.

आता मैत्रिणीचे 95 टक्के. हा आकडा 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2015 च्या अहवालातला आहे, हवेतून आलेला नाही. पण त्याच्यासोबत दोन गोष्टी सांगायला हव्यात आणि त्या दोन्ही मैत्रिणीने सोडून दिल्या. एक, तुलना सिगारेटशी आहे. मोकळ्या हवेशी नाही. दुसरं, ज्या देशात तो मांडला तिथे द्रवात एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, आणि बाजारात येण्याआधी आत काय घातलंय ते सरकारला कळवावं लागतं. तुझ्या हातातल्या वस्तूला यातलं काहीच लागू नाही. आणि व्यसन किती लागेल, याबद्दल तो आकडा अवाक्षर बोलत नाही.

व्यसनाबद्दल बोलणारा आकडा दुसरीकडे आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. 2019 मध्ये इंग्लंडमधल्याच 886 लोकांवर एक चाचणी झाली. सगळे सिगारेट सोडायला सरकारी केंद्रात आलेले. अर्ध्यांना व्हेप दिला, अर्ध्यांना निकोटिनचे अंगाला चिकटवायचे पॅच, च्युइंगगम वगैरे. समुपदेशन दोघांना सारखं. वर्षाने पाहिलं तर व्हेपवाल्यांपैकी 18 टक्क्यांची सिगारेट सुटली होती, दुसऱ्या गटात जेमतेम 10 टक्क्यांची. व्हेपची बाजू घेणारे इथे थांबतात. पुढची ओळ अशी आहे: व्हेपच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यातले 80 टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. पॅच-च्युइंगगमच्या गटात सिगारेट सुटलेल्यांपैकी फक्त 9 टक्के अजून ते वापरत होते.

तुझी गोष्ट या दोन ओळींत आली. तू त्या 18 टक्क्यांतली आहेस आणि त्या 80 टक्क्यांतलीही. तू काही वेगळी किंवा कमकुवत आहेस असं नाही. व्हेप असाच चालतो.

का चालतो, ते तुझ्याच पत्रात आहे. सिगारेट निदान संपायची. तिला वेळ लागायचा, जागा लागायची, वास यायचा, काउंटर सोडून मागे जावं लागायचं. त्या सगळ्या अडचणी तुझ्यावर लगाम होत्या. व्हेपने अडचणी काढून घेतल्या आणि त्यांच्याबरोबर लगामही गेला. शिवाय लपवायला सोपा. ज्या गुणासाठी तू तो घेतलास, तोच तुला भोवला आहे.

बॉक्सवर काय लिहिलंय ते एकदा उजेडात वाच. इथे चोरून येणाऱ्या बहुतेकांवर 5 टक्के छापलेलं असतं, म्हणजे मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम. समज आत 10 मिलिलिटर आहे. एका व्हेपमध्ये 500 मिलिग्रॅम निकोटिन झालं. सगळं अंगात जात नाही. पाचवा हिस्साच गेला असं धरू, तरी आठवड्याला 100 मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून अंगात जातं ते 1 ते दीड मिलिग्रॅम. तू दिवसाला आठ ओढत होतीस तेव्हा आठवड्याचे झाले 56 ते 84. म्हणजे हात राखून हिशेब केला तरी तू आज सिगारेटच्या दिवसांपेक्षा वर आहेस. हे सगळं छापील आकडा खरा मानून. तो कुणी तपासलेला नसतो.

इतकं तीव्र निकोटिन घशाला टोचत कसं नाही, असं वाटेल. त्यात बेन्झोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार करतात, तो घशाला मऊ लागतो. वर आंब्याचा वास. शरीर "पुरे" म्हणून जो ठसका देतं, तोच काढून टाकलेला आहे. फुफ्फुसातून मेंदूत पोचायला निकोटिनला पंधरा-वीस सेकंद लागतात आणि दोनेक तासांत रक्तातलं अर्धं उतरतं. रात्री तुला जाग येते ती या उतरणीमुळे. अंग उठवतं आणि मागतं.

धडधडीचं एक कारण हे झालं. दुसरं कारण तुझ्या डोक्यात आलं नसेल: कॉफी. धुरातली काही रसायनं यकृताला कॅफिन भराभर फोडायला लावतात. हे काम धूर करतो, निकोटिन नव्हे. त्यामुळे सिगारेट बंद झाली की कॅफिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, मग व्हेपमधून निकोटिन कितीही मिळो. म्हणजे नाईट शिफ्टला मशीनची जी चार कप कॉफी पूर्वी पचायची, तीच आता अंगावर येते. हात थरथरतात, झोप उडते, आणि माणूस समजतो निकोटिन कमी पडलं, की लगेच व्हेप तोंडात. या आठवड्यापासून कॉफी निम्मी कर आणि शिफ्टच्या दुसऱ्या अर्ध्यात बंद. एवढ्यानेही फरक दिसेल. तरीही धडधड राहिली, छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र हे सदर बाजूला ठेवून ईसीजी काढून घे.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण "गोव्यात सगळं चालतं" हे वाक्य मी पर्यटकांपेक्षा आपल्याच पोरांच्या तोंडून जास्त ऐकते. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाटप, जाहिरात, साठवण सगळं देशभर बंद आहे, गोव्यातही. विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणाऱ्याला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. नुसतं ओढणाऱ्यासाठी वेगळं कलम नाही, पण मैत्रिणीने "आणून दिला" हे तिच्यासाठी सोपं प्रकरण नाही, हे तिला कळू दे. मला यात दंडापेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. इंग्लंडमध्ये समुपदेशक सांगतो, 20 मिलिग्रॅमवरून 10 वर ये, मग 6 वर, मग 3. इथे चोरबाजारात तुला 3 चं कोण देणार? जे मिळेल ते 5 टक्के, म्हणजे 50 मिलिग्रॅमचं. पायऱ्या उतरायच्या म्हटलं तर जिनाच नाही. आणि आत काय आहे कोण जाणे: 2019 पासून फेब्रुवारी 2020 पर्यंत अमेरिकेत व्हेपने फुफ्फुसांना इजा होऊन 2,807 लोक रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यात मृत्यू 68. बहुतेकांनी टीएचसीचे, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचे, बेकायदा मिळणारे द्रव ओढलेले होते आणि त्यात जीवनसत्त्व ई चं तेलकट संयुग मिसळलेलं सापडलं. तुझ्या व्हेपमध्ये ते असेलच असं नाही. नाही असं सांगणारंही कुणी नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: निकोटिन लगेच शून्यावर आणायची घाई करू नकोस. आधी त्याला परत मापात आण. ज्याच्यावर आकडा लिहिलाय आणि तो खरा आहे, असं निकोटिन फार्मसीत मिळतं.

मुलाचा विचार चाललाय, तेव्हा क्रम ठरलेला असू दे. आधी हे, मग ते. निकोटिन नाळेतून बाळापर्यंत जातं आणि बाळाच्या मेंदूच्या, फुफ्फुसांच्या वाढीला त्रास देतं, मग ते आंब्याच्या वासाचं असो की बिडीतलं. व्हॅरेनिक्लिनसारख्या ज्या गोळ्या चांगल्या लागू पडतात, त्या गरोदरपणात सहसा देत नाहीत. दिवस राहण्याआधी हा मार्ग मोकळा आहे, नंतर नाही. बारा आठवड्यांचा कोर्स असतो, चिठ्ठी लागते. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग की मूल हवंय पण तीन-चार महिने थांबायची तयारी आहे. आणि मध्येच दिवस राहिले तर घाबरून काही बंद-चालू करू नकोस, त्याच आठवड्यात त्यांना गाठ.

गोळ्या नको असतील तर च्युइंगगम. 2 मिलिग्रॅमचं फार्मसीत सहज मिळतं. सकाळी डोळे उघडल्यापासून अर्ध्या तासात पहिली तलफ येत असेल, आणि तुझ्या पत्रावरून ती पाच मिनिटांतच येत असणार, तर 4 मिलिग्रॅमचं लागतं. ते डॉक्टरांना विचारून घे. पॅच आणि च्युइंगगम दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. पॅच दिवसभराची संथ भूक सांभाळतो, अचानक उसळी आली की च्युइंगगम. पॅच किती ताकदीचा हेही डॉक्टरच ठरवतील, कारण सिगारेटी मोजून ठरवायची जी रीत आहे ती व्हेपला बसत नाही.

आता ते खायचं कसं, हे नीट वाच. बरेच लोक इथेच चुकतात आणि "मला गम चालत नाही" म्हणून सोडून देतात. बबलगमसारखं कचकच चावायचं नाही. चार-पाचदा हळू चाव. जिभेला मिरीसारखं झणझणलं की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेव. झणझण ओसरली की परत दोन-चारदा चावून दुसऱ्या गालात. अर्धा तास पुरतं. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून आत जायला हवं. भराभर चावून लाळेबरोबर गिळलं की पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि तलफ होती तिथेच. आंबट पदार्थाने हे शोषणं बिघडतं. म्हणून च्युइंगगमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना सोलकढी नाही, लिंबूसोडा नाही, कॉफी नाही. जेवणानंतर सोलकढी पिऊन लगेच गम तोंडात टाकलास तर पैसे वाया.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफ यायची वाट न बघता. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन चार ते आठ तासांनी. बाराव्या आठवड्यात थांबायचं. कमी घेऊन शूरपणा दाखवू नकोस. कमी घेणारेच जास्त परत फिरतात.

सोडायची तारीख हॉटेलचा सिझन डोक्यावर बसायच्या आत धर. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात चेक-इनच्या रांगेसमोर उभं राहून कुणाचं काही सुटत नाही. तारखेच्या आधी दोन आठवडे व्हेपला जागा नेमून दे. फक्त घराबाहेर, फक्त उभ्याने. बाथरूम बंद, अंथरूण बंद, स्कूटर बंद. रात्री तो खोलीत नको, स्कूटरच्या डिकीत राहू दे, म्हणजे जाग आली तरी अंगण ओलांडावं लागेल. दोन ओढींतलं अंतर आधी अर्धा तास, मग तास. सिगारेटच्या ज्या अडचणी होत्या त्या तूच परत उभ्या करायच्यात. हे दोन आठवडे चिडचिडीचे जातील. त्यानंतर बंद केल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. त्या दिवशी सुट्टी असेल अशी तारीख बघ. बाकीचा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, आणि एकेक उसळी पाच-दहा मिनिटांची असते. ती पाच-दहा मिनिटं किचनच्या मागे त्या कंपूत उभी राहिलीस तर हरलीस. तिथे ब्रेकला जायचं बंद कर, वाईट वाटलं त्यांना तर वाटू दे.

मदत कुठे? तुझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या खिशातल्या पाकिटावर, त्या भयंकर चित्राच्या पट्टीत 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो. ही सरकारची तंबाखू सोडवण्याची लाइन आहे, फुकट आहे. रोज तो नंबर हातात घेऊन लोक सिगारेट पेटवतात. तू फोन कर, आणि सरळ सांग की सिगारेट सुटलीय, व्हेप सुटत नाही. समोरासमोर हवं असेल तर बांबोळीला मानसोपचार संस्था, म्हणजे आयपीएचबी, आहे. व्यसन सोडवणं हे त्यांचं रोजचं काम. "तिथे कुणी पाहिलं तर?" हे तू मनात म्हणालीस, मला ऐकू आलं. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजपण आहे, डेंटल कॉलेजपण आहे. अख्खा गोवा काही ना काही दुखणं घेऊन तिथे येतो. कोण कुठल्या दारात शिरलं हे बघायला कुणाला वेळ नाही.

राहिला नवरा. सांग. आधी डॉक्टरांना, मग त्याला, आणि सासूबाईंना सांगायलाच हवं असं मला वाटत नाही. नवऱ्याला सांगायचं कारण पापाची कबुली हे नाही. तीन महिने तू दर दोन तासांनी काहीतरी चघळणार आहेस, पहिले काही दिवस भांडी आपटणार आहेस, आणि मूल लांबणीवर टाकायला सांगणार आहेस. हे सगळं कारण न सांगता केलंस तर तो जे कारण मनाने शोधेल ते सिगारेटपेक्षा वाईट असेल. आणि लपवणं थांबल्याशिवाय व्हेप सुटणं कठीण आहे, कारण तो लपवण्यासाठीच घेतला होतास. फार प्रस्तावना करू नकोस. "लग्नाआधीपासून मला सिगारेट होती. वर्षभरापूर्वी ती सोडली, पण व्हेप लागलाय. तोही सोडतेय, औषध घेऊन. मुलाचा विचार त्यानंतर करूया. आईंना आत्ता काही सांगू नकोस." एवढं पुरे. ही बातमी वाईट नाही, सोडल्याची आहे. तो चिडेल कदाचित, सिगारेटवरून कमी आणि तीन वर्षं सांगितलं नाहीस यावरून जास्त. त्यावर वाद घालू नकोस, ते त्याचं म्हणणं बरोबरच आहे.

आजेसासूबाईंची मशेरी तू चांगली आठवलीस. भाजलेली तंबाखूच ती, हिरडीला लावली काय आणि जाळून ओढली काय, निकोटिन तेच. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखूचं प्रमाण सगळ्यात कमी असलेलं राज्य गोवा निघालं, 9.7 टक्के, आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण ओढणारे थोडे असले की ओढणारी बाई जास्तच एकटी पडते. मशेरीला जो मान होता तो सिगारेटला द्या असं माझं म्हणणं नाही. फक्त सासूबाईंच्या तोंडून कधी "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं" निघालं, तर मनातल्या मनात हसायला तुला मुभा आहे.

शेवटचं, त्या वस्तूचं काय करायचं. अर्धा भरलेला व्हेप "अडीअडचणीला" म्हणून कपाटात साडीखाली ठेवू नकोस. मैत्रिणीला परत देऊ नकोस, दुसऱ्या कुणाला फुकटही देऊ नकोस, तेही वाटपच. ओल्या कचऱ्यात किंवा पेटवायच्या पालापाचोळ्यात तर मुळीच नको, कारण आत लिथियमची बॅटरी असते आणि ती आगीत फुटते. जुने मोबाइल, चार्जर जिथे घेतात त्या ई-कचऱ्यात तो जातो. उरलेले रिकामे तुझ्याकडे असतीलच, पर्सच्या तळाशी, डिकीत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. सगळे गोळा कर आणि एकाच फेरीत देऊन ये.